सात खणांची साक्ष: वूताय पर्वतावरचे फोग्वांग मंदिर

तांग घराण्याची राजवट, म्हणजे इ.स. ६१८ ते ९०७ हा काळ, चिनी संस्कृतीच्या ऐन बहराचा मानला जातो. विसाव्या शतकातल्या सुशिक्षित चिनी माणसाला त्या काळातल्या कविता पाठ होत्या. थडग्यांतून निघालेले भाजक्या मातीचे घोडे आणि उंट संग्रहालयांत होते, विटांचे मनोरे जागोजाग उभे होते. पण तांग काळातल्या सुताराने उभारलेली एकही लाकडी इमारत चीनमध्ये शिल्लक असल्याचे १९३०च्या सुमारास कोणाला माहीत नव्हते. तांग धाटणीचे लाकूडकाम पाहायचे असेल तर जपानच्या नारा शहरात या, असे जपानी अभ्यासक सांगत. त्यांचे म्हणणे निराधार नव्हते. नारामधले तोशोदाय-जी हे मंदिर चीनहून गेलेल्या च्येनझेन या भिक्षूने ७५९ मध्ये स्थापन केले आणि त्याचे मुख्य दालन आजही उभे आहे.

चीनमधल्या इमारती गेल्या कुठे? लाकडाला आग, वाळवी आणि पावसाची भीती असते, राजवट बदलली की जाळपोळीचीही. ज्या मंदिरांना पैसा मिळाला ती नव्या धाटणीने पुन्हा बांधली गेली. त्यातच भर म्हणजे दरबारी इतिहासकारांनी राजे, सेनापती आणि कवी यांची चरित्रे लिहिली, पण सुताराकडे कधी लक्ष दिले नाही. ओंडका कसा कापायचा, छपराला किती बाक द्यायचा हे ज्ञान बापाकडून मुलाकडे आणि गुरूकडून शागिर्दाकडे जात राहिले. या कारागिरांनी आपले म्हणणे मागे ठेवले ते इमारतींच्या रूपात. म्हणून जुनी लाकडी इमारत हा त्यांचा एकमेव ग्रंथ ठरतो आणि ती जळाली की तो ग्रंथही संपतो. शान्शी प्रांतातल्या वूताय पर्वतावर असा एक ग्रंथ जवळजवळ अखंड उरला. फोग्वांग मंदिराचे पूर्व दालन हे त्याचे नाव.

न उलगडणारी पोथी

हे दालन जगापुढे आणणारे दांपत्य म्हणजे लिआंग सिचंग आणि लिन हुइयिन. लिआंग हे विचारवंत आणि सुधारक लिआंग छिचाओ यांचे पुत्र. दोघेही अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकले. त्या काळी तिथल्या वास्तुकला विभागात मुलींना प्रवेश नव्हता, म्हणून लिन यांनी ललित कला विभागात नाव नोंदवले आणि वास्तुकलेचे वर्गही पूर्ण केले. विद्यापीठाने त्यांना वास्तुकलेची पदवी दिली ती २०२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर ६९ वर्षांनी. लिन या कवयित्री म्हणूनही नावाजलेल्या होत्या. रवींद्रनाथ टागोर १९२४ मध्ये चीनला गेले तेव्हा दुभाषांमध्ये त्या होत्या. टागोरांच्या वाढदिवशी बीजिंगमध्ये त्यांचे ‘चित्रा’ हे नाटक झाले, त्यात नायिकेची भूमिका लिन यांनीच केली.

१९२५ मध्ये वडिलांनी लिआंग यांना अमेरिकेत एका ग्रंथाची नवी छापील प्रत पाठवली. ग्रंथाचे नाव ‘यिंगझाओ फाशी’, म्हणजे बांधकामाचे नियम. सोंग दरबारातला अधिकारी ली च्ये याने तो रचला आणि ११०३ मध्ये तो छापला गेला. तरुण लिआंग यांनी तो उघडला आणि त्यांना जवळपास काहीच कळेना. त्यातल्या सुतारकामाच्या संज्ञा व्यवहारातून केव्हाच गेल्या होत्या. मायदेशी परतल्यावर त्यांनी उलट्या दिशेने वाट काढली. बीजिंगच्या राजवाड्याच्या दुरुस्तीवर काम केलेल्या वृद्ध सुतारांकडून त्यांनी छिंग काळातली पद्धत शिकून घेतली. मग त्याहून जुन्या इमारती शोधून मोजायच्या, त्यांतला एकेक तुकडा ग्रंथातल्या एकेका शब्दाशी ताडून पाहायचा, असा क्रम ठरला. चिनी वास्तुकलेच्या अभ्यासासाठी झू छीछ्येन यांनी स्थापन केलेल्या संस्थेतून हे काम चाले. १९३२ मध्ये लिआंग यांनी दूले मंदिर मोजले, ते ९८४ सालचे निघाले. पुढच्या वर्षी यिंगश्यान गावचा सुमारे ६७ मीटर उंचीचा लाकडी मनोरा मोजला, तो १०५६ सालचा. दहाव्या शतकाच्या मागे मात्र पाऊल पडत नव्हते.

भित्तिचित्रातले एक नाव

धागा सापडला तो वाळवंटातल्या लेण्यात. १९०८ मध्ये पॉल पेलिओ या फ्रेंच अभ्यासकाने दुनह्वांगच्या लेण्यांची छायाचित्रे घेतली होती, ती पुढे ग्रंथरूपाने निघाली. तिथल्या ६१ क्रमांकाच्या लेण्यात दहाव्या शतकातले एक प्रचंड भित्तिचित्र आहे. वूताय पर्वताचा तो जणू चित्रमय नकाशाच आहे. डोंगर, वाटा, यात्रेकरू, मंदिरे आणि प्रत्येक मंदिराशेजारी त्याचे नाव. त्या नावांत ‘महान फोग्वांग मंदिर’ हेही होते.

वूताय म्हणजे पाच सपाट माथ्यांचा पर्वत. त्याचा उत्तरेकडचा माथा ३,००० मीटरहून उंच आहे. हे बोधिसत्त्व मंजुश्रीचे निवासस्थान, अशी श्रद्धा असल्यामुळे चीन, तिबेट, मंगोलिया, जपान अशा सर्व दिशांनी इथे यात्रेकरू येत राहिले. भारतीय भिक्षूही आले. सातव्या शतकात काश्मीरकडून बुद्धपाली नावाचा भिक्षू मंजुश्रीच्या दर्शनासाठी इथवर पोहोचला आणि उष्णीषविजया धारणी या बौद्ध मंत्रपाठाची पोथी आणण्यासाठी पुन्हा मायदेशी गेला, अशी कथा प्रसिद्ध आहे. ही धारणी दगडी स्तंभांवर कोरून मंदिराच्या अंगणात उभारण्याची प्रथा तांग काळात चीनभर पसरली. फोग्वांगच्या अंगणातही असे स्तंभ आहेत. त्यांतल्या एकाने पुढे फार मोठी साक्ष दिली.

लिआंग यांनी एक साधा तर्क लढवला. पर्वताच्या मध्यभागी असलेल्या ताईह्वाय गावातली मंदिरे श्रीमंत. तिथे राजे येत, देणग्या देत, जुनी दालने पाडून नवी बांधली जात. जुने काही उरले असेल तर ते गर्दीपासून लांब, जिथे नव्या बांधकामाला पैसा नव्हता अशा गरीब मंदिरांत. म्हणून १९३७ च्या जूनमध्ये लिआंग, लिन आणि त्यांचे सहकारी मो झोंगच्यांग व जी यूतांग ताईह्वायला न जाता खेचरांवर सामान लादून पर्वताच्या बाहेरच्या अंगाने निघाले. दोउत्सुन गावाजवळच्या एका दरीत त्यांना फोग्वांग मंदिर दिसले. मंदिरात एक वृद्ध भिक्षू आणि त्याचा मुका शिष्य एवढेच राहत होते.

मोडले आणि पुन्हा उभे राहिले

मंदिराची स्थापना उत्तर वेई घराण्याच्या काळात, पाचव्या शतकाच्या अखेरीस झाल्याचे मानले जाते. तांग काळात फाशिंग या भिक्षूने इथे मैत्रेयासाठी सात खणांचा, तीन मजल्यांचा, सुमारे ३० मीटर उंच प्रासाद उभारला होता. ८४५ मध्ये घाला पडला. तांग सम्राट वूझोंग याने बौद्ध मठांविरुद्ध मोहीम उघडली. मठांकडे करमुक्त जमिनी होत्या, मूर्ती आणि घंटांमध्ये धातू अडकला होता, आणि भिक्षू कर देत नव्हते की वेठीला येत नव्हते. शिवाय सम्राटाचा ओढा ताओ पंथाकडे होता. दरबारी नोंदींनुसार ४,६०० हून अधिक मठ पाडले गेले आणि २,६०,५०० भिक्षू-भिक्षुणींना संसारात परत धाडले गेले. तांब्याच्या मूर्ती वितळवून नाणी पाडली, लोखंडाची शेतीची अवजारे केली. फोग्वांग मंदिरही या मोहिमेत गेले. उरला तो विटांचा एक लहानसा दुमजली षट्कोनी मनोरा.

पुढच्याच वर्षी वूझोंग वारला आणि त्याच्या वारसाने बौद्ध धर्मावरची बंदी उठवली. परागंदा झालेला युआनचंग नावाचा भिक्षू वूतायला परतला आणि त्याने मंदिर पुन्हा उभारायचे मनावर घेतले. पैसा आला राजधानी चांगआनहून. निंग गोंगयू नावाच्या एका स्त्रीने दालनाचा खर्च उचलला. ८५७ मध्ये, मोहिमेनंतर अवघ्या बारा वर्षांनी, नवे दालन उभे राहिले. आज आपण जे पाहतो ते हेच.

जोत्यापासून आढ्यापर्यंत

चिनी मंदिर सहसा दक्षिणेकडे तोंड करून असते. फोग्वांग मात्र पश्चिमाभिमुख आहे, कारण इथे पूर्व, उत्तर आणि दक्षिण या तिन्ही बाजूंना डोंगर आहेत आणि पश्चिमेला दरी मोकळी होते. आवार तीन टप्प्यांत चढत जाते. सर्वांत वरच्या टप्प्यावर, दहा मीटरहून उंच भिंतीच्या माथ्यावर, डोंगर कापून केलेल्या सपाटीवर पूर्व दालन आहे. खालच्या अंगणातून अरुंद, उभ्या पायऱ्या चढून वर आले की पहिल्यांदा नजरेत भरते ते छप्पर, आणि छपराखाली दूरवर पुढे आलेली वळचण.

दालन सात खणांचे, सुमारे ३४ मीटर लांब आणि १७.७ मीटर खोल आहे. मधल्या पाच खणांना जाड फळ्यांची दारे, टोकाच्या दोन खणांना उभ्या गजांच्या खिडक्या. मराठी वाड्यांच्या परिचयामुळे ‘खण’ आणि ‘तळखडा’ हे शब्द आपल्याला नवे नाहीत. इथेही खांब जमिनीत गाडलेले नाहीत. प्रत्येक खांब दगडी तळखड्यावर नुसता टेकलेला आहे आणि सारे वजन या खांबांवर आहे. भिंती भरावाच्या, त्या छप्पर तोलत नाहीत. भिंत कोसळली तरी घर उभे राहते, अशी चिनी भाषेत म्हणच आहे.

खांबांच्या दोन रांगा एकात एक चौकटीसारख्या मांडल्या आहेत. बाहेरच्या चौकटीत २२ खांब, आतल्या चौकटीत १४. बाहेरचा खांब सुमारे पाच मीटर उंच. नीट पाहिले तर खांब किंचित आत झुकलेले दिसतात आणि मधल्या खणापासून कोपऱ्यांकडे जाताना ते थोडे थोडे उंच होत जातात. त्यामुळे वजन आतल्या बाजूला ओढले जाते, सांगाडा आवळून बसतो आणि वळचणीची रेषा टोकांना हलकेच वर उचललेली दिसते. डोळ्याला सुखावणारा तो बाक सुताराच्या मापातून आलेला आहे.

सांगाडा तीन आडव्या थरांचा. तळाला खांबांचा थर, माथ्याला छपराच्या तुळयांचा थर, आणि या दोहोंच्या मध्ये लाकडी हातांची आणि ठोकळ्यांची दाट गुंफण. या गुंफणीला चिनी भाषेत तोउगोंग म्हणतात. ‘तोउ’ म्हणजे ठोकळा, ‘गोंग’ म्हणजे हात. चिनी वास्तुकलेतले सर्वांत मोठे कसब इथे आहे. खांबाच्या डोक्यावर एक मोठा चौकोनी ठोकळा बसवतात. त्याच्या खाचांत दोन हात एकमेकांना छेदून बसतात, एक भिंतीच्या रेषेत आणि दुसरा भिंतीबाहेर डोकावणारा. या हातांच्या टोकांवर छोटे ठोकळे, त्यांवर पुन्हा हात, पुन्हा ठोकळे. प्रत्येक थराला रचना एक पाऊल पुढे सरकते. पूर्व दालनात खांबांच्या डोक्यावरची गुंफण चार पावले पुढे येते. पहिली दोन पावले आडव्या हातांची आहेत. पुढची दोन उचलतात ते ‘आंग’ नावाचे तिरके लांब दांडे.

आंग ही साधी तरफ आहे. तिचे बाहेरचे टोक खाली उतरते आणि वळचणीची तुळई तोलते, आतले टोक छपराच्या वजनाखाली दाबलेले असते. वळचणीचे वजन बाहेरचे टोक खाली खेचते, तर छपराचे वजन आतले टोक वर उठू देत नाही. दोन्ही वजने एकमेकांना तोलतात. म्हणूनच इथे वळचण भिंतीच्या रेषेपासून जवळजवळ चार मीटर पुढे येऊ शकली. तिच्यामुळे पावसाचे पाणी लाकडी खांबांपासून आणि भिंतीपासून लांब पडते. ११६० वर्षांहून अधिक काळ खांब कुजले नाहीत, याचे मोठे श्रेय या चार मीटरना आहे. शिवाय या गुंफणीतले बहुतेक सांधे खाच आणि कूस यांचे आहेत. भूकंपात ते किंचित हलतात, घासतात आणि हादऱ्याचा जोर जिरवतात.

आता प्रमाण पाहा. पाच मीटरच्या खांबावर ही गुंफण सुमारे अडीच मीटर उंच, म्हणजे खांबाच्या निम्मी आहे. पुढच्या शतकांत ती लहान होत गेली. मिंग आणि छिंग काळात वळचणीखाली बारीक बारीक तोउगोंगांची रंगीत झालर दिसते. तिची संख्या वाढली, पण वजन पेलण्यातला तिचा वाटा घटला. तांग काळात मात्र प्रत्येक हात राबता आहे. पूर्व दालनातल्या हातांचा छेद सुमारे ३० सेंटीमीटर उंच आणि २० सेंटीमीटर रुंद, तीनास दोन या प्रमाणात आहे. ‘यिंगझाओ फाशी’ने हेच प्रमाण नियम म्हणून सांगितले. हाताची उंची १५ भाग, रुंदी १० भाग. इमारतीच्या दर्जानुसार या लाकडाचे आठ आकार ठरलेले, आणि बाकी सर्व मापे त्या भागांत मोजायची. गोल ओंडक्यातून भक्कम तुळई कापायची तर हे प्रमाण जवळजवळ सर्वोत्तम ठरते, असे आजचे स्थापत्यशास्त्रही सांगते. ग्रंथ ११०३ चा, दालन ८५७ चे. नियम कागदावर उतरण्याआधी २४६ वर्षे सुतारांच्या हातात तो मुरलेला होता, हे या दालनाने सिद्ध केले.

छपराचा अंतर्वक्र बाकही असाच हिशेबाचा आहे. तुळयांवर आखूड तुळया रचत वर जायचे, प्रत्येक पायरीवर आडवे वासाधार टाकायचे आणि एका वासाधारापासून पुढच्या वासाधारापर्यंत आखूड वासे बसवायचे. वरच्या पायऱ्यांची उंची थोडी थोडी वाढवत नेली की उतार खाली सौम्य आणि आढ्याजवळ उभा होतो. पूर्व दालनाचे चारपाखी छप्पर फार सौम्य उताराचे आहे. बीजिंगच्या राजवाड्यातली उंच, उभी छपरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे छप्पर पंख पसरून बसल्यासारखे शांत वाटेल.

मूर्तींचे दालन

दार ओलांडले की पाच खण रुंद चौथऱ्यावर सुमारे ३५ मूर्तींचा दरबार समोर येतो. मध्ये शाक्यमुनी, एका बाजूला अमिताभ आणि दुसऱ्या बाजूला मैत्रेय. त्यांच्या पलीकडे हत्तीवर समंतभद्र आणि सिंहावर मंजुश्री. भोवती बोधिसत्त्व, सेवक आणि द्वारपाल. लाकडी सांगाड्यावर माती लिंपून घडवलेल्या या तांगकालीन मूर्तींवर नंतरच्या काळात भडक रंग चढवले गेले. तरीही भरलेले गाल, कमरेत हलकेच मुरडलेली उभी ठेवण आणि वस्त्रांच्या सुबक चुण्या यांतून मूळ हात ओळखू येतो. भिंतींलगत मिंग काळात ५०० अर्हतांच्या मूर्ती मांडल्या होत्या, त्यांतल्या २९६ उरल्या आहेत.

मूर्ती आणि इमारत यांचे नाते इथे विचारपूर्वक जुळवले आहे. आतल्या खांबांवरून हात पुढे येत मधल्या दालनाची तुळई उचलतात आणि त्यामुळे प्रत्येक मुख्य मूर्तीभोवती एक कमान तयार होते. दिसणाऱ्या तुळया घासून गुळगुळीत केलेल्या, मध्यावर किंचित उचललेल्या आहेत. त्यांच्यावर बारीक चौकोनांचे जाळीसारखे छत आहे. छताच्या वर, जिथे कोणाची नजर पोहोचत नाही, तिथल्या तुळया मात्र ओबडधोबड तासलेल्याच ठेवल्या. सुतारांनी कष्ट कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे याचा चोख हिशेब केलेला होता.

तुळईवरची शाई

दालन पाहताक्षणी त्याचे वय लिआंग-लिन यांच्या लक्षात आले, पण नजरेच्या अंदाजावर त्यांना थांबायचे नव्हते. त्यांना लेखी पुरावा हवा होता. चिनी इमारतींत बांधकामाची तारीख बहुधा आढ्यावर लिहितात, म्हणून ते छताच्या वरच्या अंधाऱ्या पोकळीत शिरले. लिआंग यांचा एक पाय तरुणपणीच्या मोटारसायकल अपघातामुळे आखूड राहिला होता, लिन यांची प्रकृती नाजूक होती, तरी दोघे तुळयांवर चढले. वर शतकांची धूळ साठलेली, आढ्याला हजारो वटवाघुळे लगडलेली, आणि त्यांच्या अंगावरचे ढेकूण कॅमेऱ्याच्या पिशव्यांत आणि कपड्यांत शिरलेले. तोंडाला फडके बांधून विजेरीच्या उजेडात तासन्‌तास मोजमाप चाले. तिथे तारीख सापडली नाही, पण एक मोलाची गोष्ट सापडली. आढ्याखाली उभा खुंट नव्हता. दोन तिरकी लाकडे उलट्या ‘व्ही’सारखी जोडून आढे तोललेले होते. ही रचना तोपर्यंत फक्त जुन्या चित्रांत आणि कोरीव कामात दिसलेली होती.

काही दिवसांनी लिन यांना खालून एका तुळईच्या पोटाशी शाईच्या पुसट खुणा दिसल्या. त्यांची दूरची नजर तीक्ष्ण होती. परांची बांधायची तर आसपास माणसे नव्हती. खेड्यातून कशीबशी माणसे मिळाली. तुळई ओल्या फडक्याने पुसली की अक्षरे उमटत, आणि वाळली की पुन्हा मावळत. सगळा मजकूर वाचून काढायला तीन दिवस लागले. त्यात तांग काळातल्या अधिकाऱ्यांच्या पदव्या होत्या, आणि दालनाची दात्री म्हणून राजधानीची उपासिका निंग गोंगयू हिचे नाव होते.

लिन यांना हे नाव आधीच कुठेतरी पाहिल्यासारखे वाटले. त्या बाहेर धावल्या. दालनासमोरच्या धारणी-स्तंभावर तेच नाव होते, तीच ‘दालनाची धनीण’ ही पदवी होती, आणि साल होते ताचोंगचे अकरावे, म्हणजे इ.स. ८५७. तुळई आणि दगड यांची साक्ष जुळली.

चौथऱ्याच्या टोकाशी, देवतांच्या मांदियाळीपासून जरा बाजूला, साध्या वेशातली एक स्त्रीमूर्ती मांडी घालून बसलेली आहे. हात बाह्यांत ओढून घेतलेले, चेहरा शांत, मध्यम वयाचा. ही सम्राज्ञी वू झत्येन, असे वृद्ध भिक्षूने सांगितले होते. आता कळले की ती निंग गोंगयू आहे. तिच्या मूर्तीशेजारी उभ्या असलेल्या लिन यांचे छायाचित्र आहे. दालनाचा खर्च उचलणारी स्त्री आणि विस्मरणात गेलेले तिचे नाव वाचणारी स्त्री, दोघी त्यात एका चौकटीत आल्या आहेत.

अंगणातले शेजारी

फोग्वांगचे महत्त्व एका दालनावर संपत नाही. दालनाजवळचा तो षट्कोनी विटांचा मनोरा ८४५ च्या विध्वंसातून वाचलेला, म्हणून आवारातली सर्वांत जुनी वास्तू. त्याच्या दारांवर ज्वालेच्या आकाराच्या कमानी आणि कमळाच्या पाकळ्या आहेत. या कमानीचे मूळ भारतातल्या चैत्य गवाक्षात आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहावर दगडात कोरलेला तो आकार मुळात लाकडी कमानीची नक्कल होता. भारतातून मध्य आशियामार्गे तो चीनमध्ये पोहोचला तेव्हा विटेत उतरला.

खालच्या अंगणात उत्तरेला मंजुश्री दालन आहे, ११३७ सालचे, च्यीन घराण्याच्या काळातले. तेही सात खणांचे, पण त्याचा विचार वेगळा आहे. आतली जागा मोकळी हवी म्हणून सुतारांनी आत अवघे चार खांब ठेवले आणि लांब तुळयांना खाली जोडतुळया व तिरके आधार देऊन वजन पेलले. आजच्या कैचीच्या छपराशी या रचनेचे जवळचे नाते आहे. एकाच आवारात तीन काळ, विटेचा आणि लाकडाचा असे दोन जिन्नस, आणि वजन पेलण्याच्या दोन निरनिराळ्या युक्त्या पाहायला मिळतात. असे फार थोड्या ठिकाणी घडते.

युद्धाच्या सावलीत

तो शोध लागला त्याच सुमारास, ७ जुलै १९३७ रोजी, बीजिंगजवळच्या मार्को पोलो पुलावर चकमक झडून जपानशी युद्ध पेटले. डोंगरात वर्तमानपत्रे पोहोचत नसल्यामुळे मंडळींना ही बातमी काही दिवसांनी दाईश्यान गावात कळली. पुढे वूतायच्या भोवतालचा सारा डोंगराळ मुलूख गनिमी लढ्याचे केंद्र बनला. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांनी चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्गसेनेच्या जखमी सैनिकांची सेवा केली ती याच सीमाप्रदेशात, आणि १९४२ मध्ये तिथेच देह ठेवला.

लिआंग-लिन दांपत्य मुलांना घेऊन नैर्ऋत्येकडे निघाले आणि अखेर सिच्वान प्रांतातल्या लीझ्वांग खेड्यात थांबले. लिन क्षयाने अंथरुणाला खिळल्या. लिआंग पाठीच्या दुखण्यामुळे लोखंडी पट्टा लावून टेबलाशी बसत. त्यियेनजिनमधल्या एका बँकेच्या तिजोरीत ठेवलेल्या त्यांच्या छायाचित्रांच्या काचा १९३९ च्या पुरात नासल्या. तरीही फोग्वांगच्या सविस्तर आराखड्यांसह अहवाल तयार झाला. छापखाना नव्हता, म्हणून हाताने लिहून शिळाछापाने संस्थेचा अंक काढला. १९४४-४५ मध्ये तो वाचकांपर्यंत पोहोचला. दूरच्या त्या दरीत दालन शाबूत आहे की नाही, हे कळायची तेव्हा सोय नव्हती. दालन शाबूत राहिले. १९६१ मध्ये चीनच्या राष्ट्रीय संरक्षित स्मारकांच्या पहिल्याच यादीत त्याचा समावेश झाला, आणि २००९ मध्ये वूताय पर्वत जागतिक वारसा यादीत आला.

१९५३ मध्ये याच वूताय परगण्यात नानछान नावाचे एक चिमुकले मंदिर सापडले. त्याचे तीन खणांचे दालन ७८२ सालचे, म्हणजे फोग्वांगहून ७५ वर्षांनी जुने. आडगावचे लहान मंदिर म्हणून ८४५ च्या मोहिमेत ते सुटले असावे. १९७४-७५ मध्ये त्याची मोठी दुरुस्ती झाली आणि काही भाग मूळ रूपाचा अंदाज बांधून घडवले गेले. वयात नानछान पुढे आहे, पण मोठ्या दर्जाच्या तांग दालनाची पूर्ण रचना सांगणारा साक्षीदार फोग्वांगच. तांग काळातल्या लाकडी इमारती आज चीनमध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत आणि त्या शान्शी प्रांतात आहेत. तिथली कोरडी हवा, दुर्गम डोंगर आणि नव्या बांधकामाला पैसा नसलेली गावे यांनी मिळून त्या राखल्या.

चीनमधल्या कुठल्याही जुन्या मंदिरात जाल तेव्हा हे दालन मनात ठेवून वळचणीखाली उभे राहा आणि मान वर करा. तोउगोंगाची उंची खांबाच्या किती पट आहे ते अदमासाने मोजा. तिरके दांडे खरोखर आत शिरून छपराखाली दाबले आहेत की केवळ शोभेची टोके कोरली आहेत, ते पाहा. वळचण किती पुढे आली आहे, दोन खांबांच्या मध्ये किती गुंफणी बसवल्या आहेत, याकडे लक्ष द्या. मार्गदर्शकाने साल सांगण्याआधी ती इमारत कोणत्या काळाकडे झुकते, हे बऱ्याच अंशी तुम्हाला कळेल. ८५७ मध्ये वूतायवर राबलेल्या सुतारांची नावे कुठेही लिहिलेली नाहीत. ते काय जाणत होते, हे मात्र आता कोणालाही शिकता येते.